लिफ्टवाल्याचं माप

४ जून

प्रिय बारके,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडण उरकून घेऊ.

तुझं पत्र आईने मोठ्याने वाचायला घेतलं. "अजून दोन वर्षं" इथपर्यंत आली आणि चष्मा काढून माझ्या हातात दिला, जसं काही चष्म्यानेच चुकीचं वाचलं. पुढचं मी वाचलं. बाबा कवळीला पॉलिश करत होते. हात थरथरायला लागल्यापासून ते तेवढंच करतात, दात लावायचं सगळं माझ्याकडे आहे, हे तुला माहीत आहेच. त्यांनी मशीन बंद केलं आणि म्हणाले, "पोरगी हुशार आहे." संपलं. आई रडायची ती थांबली, कारण बाबा एकदा हुशार म्हणाले की विषय मिटतो. मला त्यांनी आजवर "हिला जमतं" याच्या पुढे काही म्हटलेलं नाही.

आता हिशेब बघ. लग्न ठरलं तेव्हा तू म्हणालीस, दातांची डॉक्टर होऊ दे, मग करू. झालीस. आता म्हणतेस, जबड्याचं वरचं शिक्षण होऊ दे, मग करू. उद्या म्हणशील, कानापर्यंत पोचू दे. तोंड एवढंसं असतं गं, त्यात किती वर्षं घालवणार?

मामी संध्याकाळी आलीच. बातमीचा वास तिला कुठून येतो देव जाणे. म्हणाली, "धाकटीने पुढे ढकललंय, ठीक आहे, शिकतेय ती. मोठीचं मात्र राहूनच गेलं बिचारीचं." मी तिथेच बसले होते, मांडीवर प्लॅस्टरचा खालचा जबडा घेऊन. तू लग्न केलं नाहीस तर ते पुढे ढकलणं, मी नाही केलं तर ते राहून जाणं. दोघी एकाच घरात वाढलो, शब्द मात्र वेगळे मिळाले. मला राग आला आणि तो मामीचा नव्हता, तुझा होता. लिहून टाकते, कारण फोनवर बोलायला जावं तर आई मध्येच रिसीव्हर घेते.

लग्न पुढे गेल्याचं तुझ्या लिफ्टवाल्यांना मीच सांगितलं. रविवारी नेहमीसारखे आले होते, कुठली तरी लिफ्ट दुरुस्त करून, बोटांना ग्रीस होतं. वाटलं, आता चेहरा पडेल. तर म्हणाले, "ताई, लिफ्ट यायची तेव्हा येते. बटण दहा वेळा दाबून ती लवकर येत नाही." आणि चहा मागितला. माझ्यापेक्षा मोठे आहेत वयाने, तरी मला ताईच म्हणतात.

आता आशीर्वाद. खूप शीक, बाई.

तुझी,
ताई


१५ जून

प्रिय ताई,

भांडण पोचलं. आशीर्वाद वाटेत कुठेतरी ओला झाला असावा, फार पुसट होता.

तुला काय वाटतं, मला हे सोपं गेलं? जागा मिळाल्याचं कळलं तेव्हा मी जिन्यात बसून हसत होते आणि वर खोलीत जाऊन रडले. खोलीतली दुसरी मुलगी म्हणाली, एक काहीतरी ठरव. ऑगस्टअखेर दोन वर्षांच्या करारावर सही करायची आहे. एकदा सही केली की मध्येच सोडता येत नाही आणि मोठी सुट्टी नाही. तोवर वर्गात बसायला देतात, म्हणजे आपण पळून जातो की टिकतो ते त्यांना कळतं.

मला एक खरं सांग. तो मलाही असंच लिहितो. "घाई नाही. नीट शीक." प्रत्येक पत्रात. मैत्रिणींचे होणारे नवरे चिडतात, रुसतात, एकाचा तर दर आठवड्याला दम देणारा फोन येतो. माझा म्हणतो, घाई नाही. चांगला आहे म्हणून म्हणतो, की त्याला काही फरकच पडत नाही? तुला दर रविवारी दिसतो तो. मला वर्षातून एकदा दिसतो. ग्रीस लागलेली बोटं तुला दिसतात आणि वर तूच मला चिडवतेस. काय बोलता गं तुम्ही एवढं? एक वाक्य सांगितलंस लिफ्टचं, बाकी संध्याकाळभराचं काय झालं?

बरं, एक काम आहे. आमच्या सरांनी सांगितलंय, प्रत्येकाने ओळखीच्या एका मोठ्या माणसाच्या दोन्ही जबड्यांचं माप आणायचं, चांगल्या हाताने घेतलेलं. दातांची झीज बघून माणूस कसा चावतो, कसा झोपतो ते सांगायचं आहे. म्हटलं, चांगला हात तर आपल्या घरातच आहे. त्याचं माप घे ना. रविवारी येईलच. प्लॅस्टर ओतून, नीट गुंडाळून पाठव. माझ्या टेबलावर त्याचं काहीतरी असेल, दात का होईना.

जोरात दाबू नकोस त्याला.

तुझी,
बारकी


२ जुलै

प्रिय बारके,

पार्सल सोबत आहे. कापूस जास्त घातलाय, फुटलं तर टपालवाल्याला बोल, मला नको.

तुझे लिफ्टवाले रविवारी आले. मी सांगितलं, बारकीचा हुकूम आहे, बसा. खुर्चीत बसले, बाह्या दुमडल्या, डोळे मिटले आणि आ केला. एवढा मोठा माणूस, रोज उंच इमारतींच्या भोकात लटकतो, पण मापाचा ट्रे दिसल्याबरोबर खुर्चीचे हात असे घट्ट धरले की बाबा हसायला लागले. आई दारात उभी राहून "हळू गं, हळू" करत होती. मला कधी कुणी म्हणालं नाही "हळू".

माप छान आलंय. प्लॅस्टरमध्ये हवेचा एक बुडबुडा सापडला तर मला कळव. दाढांच्या फटीसुद्धा दिसतील. असं माप तुमच्याकडे कुणी घेत असेल तर मला बघायला आवडेल.

संध्याकाळभर काय बोललो विचारलंस. ऐक. त्यांनी एका जुन्या लिफ्टची गोष्ट सांगितली, ती कुणी न बोलावता तिसऱ्या मजल्यावर जाऊन थांबायची. बाबांना रेडिओची बॅटरी बदलून दिली. मी दात लावत होते ते बघत बसले. म्हणाले, "ताई, तुम्ही दात लावता तेव्हा स्वतःचेच दात आवळून धरता." एवढंच. आता मोजत बस यात प्रेम किती, ग्रीस किती.

तुझी,
ताई


१४ जुलै

ताई,

मी काय लिहू तुला?

पार्सल उघडलं तेव्हा मला नुसता आनंद झाला. पुढचा एक दात किंचित वळलेला आहे, तो मला कधी दिसलाच नव्हता, तो ओठ मिटून हसतो ना. पण बघताक्षणी ओळखीचा वाटला. प्रेमात असंच होत असेल म्हणून स्वतःवरच हसले. जबडा एवढा रुंद असेल असंही वाटलं नव्हतं.

मग वर्गात सरांनी प्रत्येकाचं माप हातात घेऊन बोलायला सुरुवात केली. माझं घेतलं. खिडकीपाशी नेलं. सगळ्यांना जवळ बोलावलं. सुळ्यांची टोकं गेली आहेत, ताई. मागच्या दाढा सपाट, पाटासारख्या. एका दाढेचा टवका उडालाय. सर म्हणाले, "हा माणूस वर्षानुवर्षं झोपेत दात खातोय. दिवसा तोंडातून शब्द काढत नसणार. याला कुणीतरी विचारायला हवं की बाबा, तुझं काय दुखतंय." वर्गात एक मुलगी हळहळली आणि मला तिचाही राग आला. तिने का हळहळावं?

तो मला लिहितो, घाई नाही. आणि रात्री त्याचे दात असे घासताहेत! किती वर्षं झाली असतील हे मी सरांना विचारलं. म्हणाले, चार-पाच तरी. लग्न ठरून, मी थांब म्हटल्यापासूनच म्हण की. मी इथे परीक्षेत पहिली येतेय आणि तिथे त्याच्या तोंडात हे चाललंय.

मी ठरवलंय. सही करणार नाही. सप्टेंबरात घरी येते. शिक्षण कुठे पळून जात नाही, माणूस पळून गेला नाही हीच कृपा. आईला अजून सांगू नकोस, मीच सांगेन. त्याला मात्र आजच लिहिलंय.

आता तुझ्याबद्दल. ताई, तू हे बघितलं नाहीस असं मला सांगू नकोस. तू रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाने जांभई दिली तरी कुठली दाढ नाही ते सांगतेस. तू त्याच्या तोंडात बोटं घातलीस, माप घेतलंस, प्लॅस्टर ओतलंस, घासलंस. तुला सगळं दिसलं आणि तू मला बॅटरीच्या गोष्टी लिहिल्यास. ताकास तूर लागू दिली नाहीस. का? त्याचं दुःख तुला एकटीलाच माहीत असावं असं वाटलं का?

बारकी


३० जुलै

ताई,

दोन आठवडे झाले. तुझं उत्तर नाही. तू आजारी नाहीस हे आईकडून कळलं. फोनवर आई असंही म्हणाली की तो आता रविवारी दुपारीच येतो आणि अंधार पडेपर्यंत आपल्या कवळ्यांच्या कारखान्यात बसतो. "ताईशी चांगलं जमतं त्याचं," असं म्हणाली. आईच्या मनात काही नव्हतं, पण माझ्या मनात तेव्हापासून दुसरं काही नाही.

मी सरळ विचारते. तो कुणासाठी येतो?

मला लाज वाटते हे लिहायला, पण वाटतंय ते वाटतंय. मी जेवते तेव्हा तुम्ही दोघं दिसता. तू दात लावतेयस, तो बघतोय. तू आवळलेले दात त्याला दिसतात म्हणे! माझं काय आवळलंय ते कधी दिसलं त्याला? मी पदव्या गोळा करत बसले आणि माझ्या खुर्चीत तू बसलीस.

मी येतेय म्हटल्यावर त्याचं उत्तर आलं. तुला वाचायला पाठवणार होते, पण पाठवण्यासारखं काही नाही त्यात. त्याने फक्त लिहिलंय, "का?"

बारकी


८ ऑगस्ट

बारके,

आधी एक कर. सही कर. मग पुढचं वाच.

ते दात माझे आहेत.

हो, माझे. आता जाऊन परत बघ. पुढचा वळलेला दात ओळखीचा वाटला म्हणालीस ना, लहानपणी त्या दातावर तूच दार आपटलं होतंस. रुंद जबडा बाबांचा, माझ्याकडे आलेला. दातांची डॉक्टर म्हणे! सख्ख्या बहिणीचे दात ओळखता आले नाहीत आणि प्रेमात पडली त्यांच्या.

झालं असं. तुझे लिफ्टवाले बसले, आ केला, इथपर्यंत जे लिहिलं ते खरंच आहे. ट्रे आत गेला आणि त्यांना उमासे सुरू झाले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा ट्रे बाहेर, मापाचा लगदा माझ्या एप्रनवर आणि ते अंगणात. आई पाणी घेऊन मागे धावली, बाबा पोट धरून हसत होते. परत बसायला तयार होईनात. म्हणाले, ताई, लिफ्टच्या भोकात उतरायला सांगा, हे नको. सगळे बाहेर त्यांची समजूत काढत बसले आणि मी आत एकटी. लगदा कालवलेला, घट्ट होत चाललेला. तुझी चिठ्ठी भिंतीवर टाचलेली, "जोरात दाबू नकोस त्याला." मी ट्रे स्वतःच्या तोंडात घातला.

आधी वाटलं, गंमत. पाठवू, नंतर सांगू. पण पत्र लिहायला बसले तेव्हा सांगितलं नाही. आणि बघ, माझं पत्र काढून बघ, हे माप त्यांचं आहे असं मी एकदाही लिहिलेलं नाही. एवढी अक्कल होती मला. म्हणजे खोड जाणूनबुजून काढली.

तुझं चौदा तारखेचं पत्र आलं ते मी प्लॅस्टरच्या पोत्यावर बसून वाचलं. तुझ्या सरांचं बोलणं वाचलं, याला कुणीतरी विचारायला हवं तुझं काय दुखतंय. पहिल्यांदा कुणीतरी माझ्याबद्दल हे म्हटलं, आणि तेही तुझा होणारा नवरा समजून. तेवढंसुद्धा तुझ्याच खात्यात गेलं.

आणि मग कळलं की तू परत येतेयस. बारके, मला आनंद झाला. तू येशील, एप्रन बांधशील, केसात प्लॅस्टर जाईल, मामी येऊन म्हणेल, "शिकली होती म्हणे, पण राहूनच गेलं." ते ऐकायला मी टपून बसले होते. म्हणून उत्तर लिहिलं नाही. आजारी नव्हते, आळस नव्हता. गप्प राहिलं की आपोआप होणार होतं आणि मला ते व्हायला हवं होतं. एकदा तर कागद घेतला, "ये, वाट बघतो" एवढं लिहिलं, आणि फाडला.

मला तुझा हेवा वाटतो. तू गेलीस त्या दिवसापासून वाटतो. तुझी बॅग भरली तीही मीच आणि भरताना दात खात होते. प्रवेशपरीक्षेला आपण दोघीही बसलो होतो हे आता घरात कुणाला आठवतही नाही. तू पास झालीस, मी नाही झाले, त्यात तुझा काय दोष? काही नाही. दोष नाही म्हणून तर जास्त जळतं.

राहिला तुझा माणूस. सरळ विचारलंस, सरळ सांगते. रविवारी ते येतात ते मला आवडतं. मी त्या दिवशी धुतलेला एप्रन घालते. पण ते येतात ते भिंतीवर तुझा फोटो आहे म्हणून. बघतात, मग माझं काम बघतात, मग परत फोटो. आता जास्त वेळ बसतात, कारण तू येतेयस म्हणालीस आणि त्यांना घोर लागलाय. मला विचारत होते, "ताई, तिला तिथे काही झालंय का? एवढं मिळवलेलं सोडून का येतेय?" तुझ्या "का?"चा अर्थ हा आहे, मूर्ख मुली. तुझा माणूस मला नको. मला तुझा शब्द हवा होता, पुढे ढकललं म्हणायचा.

सही कर. मग हवं तेवढं भांड.

ताई


१२ ऑगस्ट

प्रिय डॉक्टर,

ताईंनी सगळं सांगितलं. आधी त्या रडल्या, मग मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, आता हललात तर बघा. यावेळी मी उमासा गिळला. नाकाने श्वास घ्या म्हणाल्या, घेतला. डोळ्यातून पाणी आलं, पण माप झालं. सोबत पाठवतोय. हे खरोखर माझं आहे, बाबा साक्षीला होते.

ताई म्हणतात, माझे दात बघून तू रागावशील, कारण ते फार चांगले आहेत. यात माझा काही गुन्हा नाही. मला रात्री झोप लागते. दिवसभर जिने चढल्यावर लागतेच.

पण म्हणून काही वाटत नाही असं समजू नकोस. तुझ्या पत्रात तुझे सर फार येतात. सर असं म्हणाले, सरांनी तसं दाखवलं. मागच्या महिन्यात एका इमारतीत मी वायर उलटी जोडली, वरचं बटण दाबलं की लिफ्ट खाली जायची. लोक ओरडले. त्या दिवशी सकाळी तुझं पत्र आलं होतं, त्यात सर चार वेळा होते. मी जळतो, पण दिवसा जळतो.

घाई नाही असं लिहायचो, कारण आहे असं लिहिलं तर तू येशील अशी भीती होती. आता लिहितो. घाई आहे. तरी शीक.

तुझाच,
लिफ्टवाला


२५ ऑगस्ट

ताई,

सही केली. काल. तू सांगितलंस म्हणून नाही, त्याने "घाई आहे" लिहिलं म्हणून. आता थांबायला बरं वाटतंय.

तुझ्यावर मी इतकी चिडले की तुझे दात खिडकीतून फेकायला निघाले होते. खोलीतल्या मुलीने हात धरला. ती म्हणाली, फेक, पण आधी उत्तर लिही. मग उत्तर सुचेना म्हणून फेकले नाहीत. माझा संसार, शिक्षण, सगळं मोडताना एका पोत्यावर बसून बघत होतीस! तुझं पत्र ऑगस्ट उलटल्यावर आलं असतं तर? अजूनही आठवलं की डोकं भणभणतं. लगेच माफ करणार नाही, सावकाश करेन.

सरांना जाऊन सांगितलं की माप त्याचं नाही, माझ्या बहिणीचं आहे. ते म्हणाले, "मग तिला विचारलंस का?" मी म्हटलं, काय? तर म्हणाले, काय दुखतंय ते. मी मान खाली घातली. होणाऱ्या नवऱ्यासाठी सगळं सोडून निघाले होते, दात बहिणीचे निघाल्यावर नुसती चिडले.

त्याचे दात बघितले. लहान मुलासारखे आहेत! सुळ्यांची टोकं जशीच्या तशी. मी इथे करपतेय आणि हा घोरतोय. दोन्ही मापं टेबलावर शेजारी ठेवली आहेत. खरं सांगू? तुझ्याकडेच जास्त बघते.

आणि आता माझं ऐक. हेवा काय तुझी एकटीची मिरास आहे? मी पदवी घेऊन घरी आले होते तेव्हा आठव. बाबांनी कागद बघितला, चांगलं आहे म्हणाले आणि घडी करून मला परत दिला. मग तू लावलेली कवळी उचलली आणि तिच्यावरून अंगठा फिरवत बसले, किती तरी वेळ. थरथरणारा हात तेवढा वेळ थरथरला नाही. मी तिथे भिंतीवरच्या तसबिरीसारखी उभी होते, गळ्यात हार नव्हता एवढंच. हुशार ते कुणालाही म्हणतात, टपालवाल्यालाही म्हणतात. अंगठा माझ्या कशावरून फिरला नाही आजवर.

सोबत डबी आहे. त्यात वरच्या दातांवर घालायची पट्टी आहे, तुझ्याच मापावर केलीय. आमच्या पहिल्या परीक्षेचं काम हेच होतं. रोज झोपताना घालायची, सकाळी ब्रशने धुवायची, उन्हात ठेवायची नाही. एक लक्षात ठेव, हिने दात खाणं थांबत नाही. फक्त झीज पट्टीची होते, दात वाचतात.

तुझं काय दुखतंय ते कळलं. आता हे सांग, तू काय पुढे ढकललंयस?

तुझी,
बारकी


९ सप्टेंबर

प्रिय बारके,

पट्टी मिळाली. उजव्या बाजूला उंच झाली होती, शेवटची दाढ आधी टेकत होती. घासून घेतली. परीक्षेत याचे गुण कापले असतील तर बरोबरच केलं. बाकी काम चांगलं आहे. मी बाबांच्या हातात दिली, बारकीने केलीय म्हणून सांगितलं. त्यांनी खिडकीशी धरली. मग कडेकडेने अंगठा फिरवला, सगळीकडून. मी मुद्दाम मोजलं नाही किती वेळ, कारण मोजलं असतं तर पोटात दुखलं असतं. थोडं दुखलंच.

रविवारी मामी आली. तिच्या ओळखीत कुणी कपड्याचा दुकानदार आहे, बायको गेलेली, मुलं मोठी. "तुझं राहूनच गेलंय, आता निवड कसली करतेस," म्हणाली. लिफ्टवाले चहा पीत होते, आई दारात, बाबा मशीनवर. मी म्हटलं, "मामी, राहून गेलं नाही. मी पुढे ढकललंय."

मामी म्हणाली, "तू? कशासाठी?"

तू विचारलं होतंस म्हणून मी बरेच दिवस विचार करत होते, पण ऐन वेळी दातखीळ बसली. मामीच्या डोळ्यात हसू दिसायला लागलं तेव्हा कुठे तोंड उघडलं. म्हटलं, "कामासाठी. दुकानदाराला विचार, बायको दिवसभर कारखान्यात बसलेली आणि केसात प्लॅस्टर असलेली चालेल का. चालत असेल तर दोन-तीन वर्षांनी ये." मामी म्हणाली, "बाई गं, काय हे दातांचं खूळ दोघी बहिणींना!" दोघी म्हणाली, ऐकलंस? लिफ्टवाल्यांना ठसका लागला. बाबांनी मशीन बंद केलं. मला वाटलं, आता हुशार म्हणतील. ते म्हणाले, "ही नसली तर माझं दुकान बंद," आणि मशीन परत सुरू केलं. आई अजून माझ्याशी नीट बोलत नाही. बोलेल.

तुझी टपालवाल्याची गोष्ट वाचून मी हसले आणि मग नाही हसले. म्हणजे एवढी वर्षं मी त्या हुशार शब्दावर दात खाल्ले आणि तू अंगठ्यावर. आईने दोघींना एकदा शेजारी बसवून आ करायला लावायला हवं होतं. तुझंही माप पाठव. स्वतःचं स्वतः घेता येतं, मी घेतलंय.

पट्टी रोज घालते. पहिल्या रात्री तोंडात चमचा अडकल्यासारखं वाटलं, आता सवय झाली. झोप लागते. आज सकाळी धुताना उजेडात धरून बघितली. तिच्यावर ओरखडे आहेत, ताजे, दोन्ही बाजूंना. काल दुपारीच तुझ्या करारावर सही झाल्याबद्दल आई शेजारी सांगत होती, ते मी ऐकलं होतं. म्हणजे माझं काही गेलेलं नाही, बारके. चालूच आहे. दात मात्र शाबूत आहेत.

पट्टी किती दिवस टिकते ते तू लिहिलं नाहीस. दोन वर्षं टिकली तरी पुरे. तोवर तू येशीलच, नवी करून दे.

तुझी,
ताई